लाराची शॉर्ट्स, ॲबीचे दंड आणि गेमर मंडळींचा संताप

गेममधल्या हिरोइनला एवढे कमी कपडे का असतात, हे एकच वाक्य गेम खेळणाऱ्या पोरांच्या घोळक्यात नुसतं बोलून बघा. एक जण लगेच म्हणणार, मग गॉड ऑफ वॉरचा उघडाबंब हिरो क्रेटॉस काय सूटबूट घालून फिरतो का. दुसरा म्हणणार, गेम आहे बाबा, कीर्तन नाही. तिसरा काही न बोलता तुम्हाला ग्रुपमधून काढून टाकणार. गंमत म्हणजे यातला पहिला मुद्दा अगदीच फालतू नाहीये, त्याला उत्तर द्यावंच लागतं, त्यामुळे जरा निवांत बघूया की टीका नेमकी कशावर असते आणि ती झाली की लोक एवढे का भडकतात, आणि भडकतात म्हणजे कुठपर्यंत जातात.

सुरुवात जुन्या गेमपासून करू. निन्टेन्डोचा मेट्रॉइड, १९८६. अख्खा गेम तुम्ही चिलखत घातलेल्या, हाताच्या जागी तोफ असलेल्या सामूस नावाच्या कॅरेक्टरने खेळता, सोबत येणाऱ्या पुस्तिकेतसुद्धा तिचा उल्लेख पुरुष म्हणूनच केलाय, आणि शेवटी कळतं की अरे ही तर बाई आहे! त्या काळात हे भन्नाटच होतं. पण हे कळणार कसं, तर तुम्ही गेम किती वेळात संपवता त्यावर. पाच तासांच्या आत संपवला तर ती हेल्मेट काढते, तीनच्या आत संपवला तर चिलखत जाऊन तंग पोशाखात उभी राहते, आणि एका तासात संपवला तर बिकिनीत. म्हणजे गेमची हिरो तीच आणि गेम लवकर संपवल्याचं बक्षीसही तीच. मला विचाराल तर पुढची चाळीस वर्षं गेमवाल्यांचा जो गोंधळ चाललाय ना, तो सगळा त्या एका शेवटात आधीच बसलेला आहे.

मग आली लारा क्रॉफ्ट. टूम रेडर, १९९६, इंग्लंडमधल्या डर्बीचा कोअर डिझाइन नावाचा स्टुडिओ, डिझायनर टोबी गार्ड. ही लारा श्रीमंत घरची, दोन हातांत दोन पिस्तुलं, एकटी गुहा नि थडगी पालथी घालते, कोणी तिला वाचवायला येत नाही आणि तिला तशी गरजही पडत नाही. तिसऱ्या भागाची तर सुरुवातच भारतातल्या जंगलात होते, वाघ काय, माकडं काय, सहा हातांच्या मूर्ती जिवंत होऊन तलवारी परजत अंगावर काय येतात (आपल्याला ते बघून हसू येतं, ते सोडा). आता एवढी जबरदस्त बाई गेममध्ये असताना पब्लिशरने तिला विकली कशी, तर मॉडेलसारखी. खऱ्या मॉडेल्सना शॉर्ट्स आणि पिस्तुलं देऊन स्टॉलवर उभं केलं, मासिकांना पोज दिलेली चित्रं पुरवली. टोबी गार्ड १९९७ मध्येच कंपनी सोडून गेला, आपल्या कॅरेक्टरची ज्या पद्धतीने जाहिरात चालली होती ती त्याला पटत नव्हती. लाराचे कपडे काढणारा पॅच, म्हणजे गेममध्ये बदल करणारी फाइल, कोणीतरी बनवला तो नेटवर वर्षानुवर्षं फिरत राहिला, तो वेगळाच.

आता मुद्द्याचं. टीका करणारे साधारण कपड्यांवर बोलताना दिसतात, पण खरं बोलणं कपड्यांवर नसतंच, ते असतं कॅमेऱ्यावर. कॅमेरा कुठे ठेवलाय, तो कोणाच्या नजरेने बघतोय, आणि त्या कॅरेक्टरला उभं राहायला, चालायला, मरायला कसं लावलंय. क्रेटॉसला शर्ट नाही, मान्य. पण क्रेटॉसचे दंड बघून पोराला वाटतं की आपण असे असतो तर काय मजा आली असती, तो कॅमेरा त्याच्या कमरेभोवती रेंगाळत नाही, तो कोणाला मारताना मध्येच वळून कंबर दाखवत नाही. हिरोइनचं मात्र बऱ्याचदा असं असतं की पोराला तिच्यासारखं व्हायचं नसतं, तिच्याकडे बघायचं असतं, आणि डिझायनरने ते ओळखूनच तिला बनवलेलं असतं. बॅटमनच्या अर्खम सिटीमध्ये दोघांना खेळून बघा. बॅटमनच्या मागे लांबलचक केप, मागून बघितलं तर केपच दिसणार. कॅटवुमनच्या मागे काही नाही, तंग सूट आणि अशी चाल की नजर कुठे जावी हे आधीच ठरवून दिलंय. दोघांच्याही अंगभर सूट आहे, प्रश्न नुसत्या कपड्यांचा नाही, तरी फरक लगेच कळतो.

यावर कंपन्या बहाणे काय देतात तेही भारी असतं. मेटल गिअर सॉलिड ५, २०१५. त्यात क्वाएट नावाची स्नायपर आहे, मुक्या बाईसारखी वावरते, युद्धाच्या मैदानात बिकिनी आणि फाटके स्टॉकिंग्ज घालून. दोन वर्षं आधी डिझाइन बाहेर आलं तेव्हा लोकांनी विचारलं की हे काय, तर गेमचे डायरेक्टर हिदेओ कोजिमा म्हणाले की तिच्या अशा दिसण्यामागचं कारण कळेल तेव्हा तुम्हालाच आपल्या बोलण्याची लाज वाटेल. गेम आला, कारण कळलं. कारण असं की ती त्वचेने श्वास घेते, म्हणून कपडे घालू शकत नाही. आता याच मालिकेच्या २००४ च्या भागात एक म्हातारा स्नायपर होता, झाडासारखा उन्हावर जगणारा, तोही त्वचेवरच अवलंबून, पण तो आपला व्यवस्थित कपडे घालून झाडीत बसलेला असतो, त्याला बिकिनीची गरज पडली नाही. कथेत कारण लिहिलं म्हणजे प्रश्न मिटत नाही, कारण ते कारणही कोणीतरी टेबलावर बसून लिहिलेलंच असतं ना, चित्र आधी ठरतं आणि कारण मागून येतं.

पण सगळंच इतकं सरळ नाही. बायोनेटा या गेमची त्याच नावाची हिरोइन घ्या. केसांचाच सूट, मोठा हल्ला करताना केस तिकडे गेले की अंग उघडं, कॅमेरा तर निर्लज्जपणे कुठेही घुसतो. तरी तिच्यावर जीव टाकणाऱ्या भरपूर बायका आहेत, तिचं डिझाइनही मारी शिमाझाकी या बाईंनीच केलंय, आणि गेममध्ये ती जे करते ते स्वतःच्या मस्तीत करते, कोणाची लाज नाही, कोणाची भीती नाही. २०१४ मध्ये दुसऱ्या भागाला पॉलिगॉन या वेबसाइटच्या परीक्षकाने १० पैकी ७.५ दिले, गेमप्ले अफाट आहे पण हे सतत अंग दाखवणं खटकलं असं लिहिलं, त्यावर केवढा गहजब. मला दोन्ही बाजू पटतात, खरंच. बायोनेटा मजेदार आहे आणि तो कॅमेरा वाह्यात आहे, ही दोन्ही वाक्यं एका वेळी खरी असू शकतात.

कपडे, कॅमेरा यापेक्षा जुना प्रकार म्हणजे पळवून नेलेली बाई. मारिओ आपण सगळ्यांनी खेळलाय, ९९९९९९ इन वन असं बिनधास्त खोटं छापलेल्या कॅसेटवर. किल्ला पार करायचा, तिथे कळायचं की राजकन्या इथे नाहीच, दुसऱ्याच किल्ल्यात आहे. राजकन्येला काम एकच, कोंडून राहणं. डबल ड्रॅगन, १९८७, सुरू होतो तोच मुळात एका बाईच्या पोटात गुद्दा मारून तिला खांद्यावर टाकून नेण्यापासून. एका गेममध्ये असं असलं तर काही बिघडत नाही हो, कथा आहे. पण शंभर गेम सलग तसेच आले तर मग ती सवय झाली, आणि टीका त्या सवयीवर असते. हा फरक लक्षात न घेता लोक एकेका गेमचा बचाव करत बसतात.

बरं, बाईला हिरो करायचं म्हटलं तर कंपनीच्या मीटिंगमध्ये काय होतं? रिमेंबर मी हा २०१३ चा गेम बनवणाऱ्या फ्रेंच स्टुडिओला पब्लिशर्सनी सांगितलं की बाई हिरो आहे, हा विकला जाणार नाही. लास्ट ऑफ अस या गेमच्या वेळी त्यातल्या एली या मुलीला बॉक्सवर मागे ढकला असं सुचवलं गेलं होतं, स्टुडिओने ऐकलं नाही. २०१४ मध्ये युबिसॉफ्टने असॅसिन्स क्रीड युनिटीत बाई म्हणून खेळायची सोय का नाही याचं कारण दिलं की अ‍ॅनिमेशन डबल करावी लागतील, काम फार वाढतं. यावर त्याच मालिकेच्या एका जुन्या भागाचा अ‍ॅनिमेशन डायरेक्टर जोनाथन कूपर उघडपणे म्हणाला की एकदोन दिवसांचं काम आहे. संपलं! आणि २०२० मध्ये बातमी आली की त्याच मालिकेच्या ओडिसीमध्ये कसांड्रा एकटीच हिरो ठेवायचा टीमचा विचार होता, पण वरून नकार आला, कारण तेच, बाई एकटी असेल तर खप होत नाही.

आता येऊ भडकण्याकडे. अनिता सारकीसियन नावाची एक टीकाकार, फेमिनिस्ट फ्रिक्वेन्सी नावाने व्हिडिओ बनवायची. मे २०१२ मध्ये तिने किकस्टार्टर या लोकांकडून पैसे जमवायच्या साइटवर ६,००० डॉलर मागितले, गेममधल्या बायकांचे ठरलेले साचे यावर व्हिडिओ मालिका करायची म्हणून. त्या मालिकेचा व्हिडिओ एकही आलेला नव्हता, हां. तेवढ्यावरच तिच्या विकिपीडिया पानाची वाट लावली, बलात्काराच्या आणि मारून टाकायच्या धमक्या दिल्या, आणि एकाने तर गेम बनवला ज्यात तिच्या फोटोवर क्लिक केलं की तिचं तोंड सुजत जातं. परिणाम उलटा झाला, मदत करणारे धावून आले आणि जमा झाले १,५८,००० डॉलरपेक्षा जास्त. पहिला व्हिडिओ मार्च २०१३ मध्ये आला आणि त्यात तिने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं की एखादा गेम मनापासून आवडणं आणि त्यातलं काहीतरी खटकणं हे एकाच वेळी शक्य आहे, किंबहुना तसंच करायला हवं. ते वाक्य बहुतेकांनी ऐकलंच नाही.

ऑगस्ट २०१४ मध्ये गेमरगेट नावाचं प्रकरण पेटलं. झोई क्विन या छोटे गेम बनवणाऱ्या डेव्हलपरबद्दल जुन्या पार्टनरने एक लांबलचक पोस्ट टाकली, त्यावरून आरोप झाला की क्विन यांनी ओळखीतून एका पत्रकाराकडून चांगला रिव्ह्यू मिळवला. त्या पत्रकाराने त्या गेमचा रिव्ह्यू लिहिलेलाच नव्हता. पण तोपर्यंत उशीर झाला होता, क्विन यांना घर सोडून राहावं लागलं, ब्रियाना वू या दुसऱ्या डेव्हलपरलाही तेच भोगावं लागलं. आम्ही पत्रकारितेतल्या नीतिमत्तेसाठी लढतोय असं म्हणणारे यात खूप होते आणि त्यातले काही खरंच तसं मानणारेही असतील, कारण गेमिंगच्या पत्रकारितेत कंपन्यांची जाहिरात आणि रिव्ह्यू यांचं साटंलोटं हा खरा प्रश्न आहे. पण मग मोठमोठ्या पब्लिशर्सना सोडून सगळा मारा एकट्यादुकट्या बायकांवर का, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. ऑक्टोबरमध्ये युटा स्टेट युनिव्हर्सिटीत सारकीसियनचं भाषण होतं, गोळीबाराची धमकी आली, आणि तिथल्या कायद्यानुसार परवानाधारकाला शस्त्र घेऊन आत यायची मुभा, युनिव्हर्सिटी ते अडवू शकत नाही म्हणाली, मग सारकीसियनने भाषणच रद्द केलं. गेममधल्या कॅमेऱ्याबद्दल बोलणारी बाई, आणि प्रकरण गोळ्यांपर्यंत गेलं.

का पण एवढं? आमटीत मीठ जास्त झालंय म्हटलं की घरातलं माणूस जसं अख्ख्या माहेराचा उद्धार झाल्यासारखं पेटून उठतं, तसं काहीसं होतं, पण तेवढ्यानेच भागत नाही, मागे इतिहास आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत व्हिडिओ गेमचा धंदा बसला. नंतर निन्टेन्डोने आपलं मशीन खेळणं म्हणून विकायला काढलं, आणि खेळण्यांच्या दुकानात मुलांचा कोपरा वेगळा, मुलींचा वेगळा, तर हे गेलं मुलांच्या कोपऱ्यात. त्याआधी असं काही नव्हतं, रिव्हर रेडसारखा गाजलेला गेम १९८२ मध्ये कॅरल शॉ या बाईंनी बनवलेला होता. पण पुढची वीस वर्षं जाहिराती सगळ्या मुलांसाठी, मासिकं मुलांसाठी, त्यामुळे एका पिढीला मनापासून वाटायला लागलं की ही आपली जागा, बाहेर शाळेत कोणी विचारत नाही पण इथे आपण राजे. त्यात भर म्हणजे समाज सतत यांच्या मागे लागलेला, १९९९ मध्ये कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला तर डूम या गोळीबाराच्या गेमवर खापर फोडलं, आपल्याकडेही २०१९ मध्ये राजकोटला पबजी खेळतात म्हणून पोलिसांनी पोरांना अटक केली होती. मग कोणीही गेमबद्दल वाईट बोललं की यांना वाटतं आला अजून एक बंदी घालणारा. सारकीसियनने बंदी मागितली नव्हती. पण ऐकणाऱ्याच्या कानात आधीचाच आवाज घुमत होता. हे समजून घेता येतं. धमकी द्यायला ते कारण पुरत नाही.

आणि आपली जागा हे आता खरंही राहिलेलं नाही, अमेरिकेत खेळणाऱ्यांमध्ये बायका जवळपास निम्म्या आहेत.

रिव्ह्यू लिहिणारेही यातून सुटले नाहीत. २०१३ मध्ये गेमस्पॉट या वेबसाइटच्या कॅरोलिन पेटिट यांनी जीटीए ५ ला १० पैकी ९ दिले, भरभरून कौतुक केलं, फक्त एवढं लिहिलं की गेम बायकांच्या बाबतीत फार घाणेरडा वागतो. ९ मार्क! त्यांना नोकरीवरून काढा म्हणून याचिका निघाली. यावरून एक लक्षात येतं, की राग मार्कांचा नव्हता.

पूर्वी म्हणायचे की आम्हाला सुंदर बाई बघायचीय, त्यात काय पाप आहे. ठीक आहे, मग तशी नसलेली एखादी बाई आली तर काय होतं ते बघा. लास्ट ऑफ अस पार्ट २ जून २०२० मध्ये आला, त्यात ॲबी, पिळदार दंड, रुंद खांदे, तालमीतली वाटावी अशी. बाईचं अंग असं असूच शकत नाही म्हणून लोक तुटून पडले, जेव्हा की तिचं शरीर कोलीन फॉच या खऱ्या खेळाडूवरून घेतलेलं. ॲबी कथेत जे करते त्याचा राग येणं स्वाभाविक आहे, मलाही आला, पण लोकांनी ॲबीचा आवाज देणाऱ्या लॉरा बेलीला जिवे मारायच्या धमक्या दिल्या. सगळ्यांचे मार्क एकत्र दाखवणाऱ्या मेटाक्रिटिक या साइटवर पहिल्याच दिवशी शून्य मार्कांचा इतका पाऊस पडला, एवढा लांब गेम खेळून व्हायच्या आत, की पुढे त्यांनी गेम आल्यावर ३६ तास युजर रिव्ह्यू बंदच ठेवायला सुरुवात केली. पुढे होरायझन या गेमच्या नव्या भागाची झलक आली तर हिरोइन अ‍ॅलॉयचे गाल गुबगुबीत झाले आणि गालावर लव दिसते म्हणून बोंब, एकदोघांनी तर तिला मेकअप करून दाखवला. जंगलात यांत्रिक डायनॉसोर मारत फिरणारी बाई आहे ती, तिने लिपस्टिक कधी लावायची?

टीका करणारेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. सारकीसियनने हिटमॅन या गेममधला एक प्रसंग असा दाखवला की जणू गेम तुम्हाला स्ट्रिप क्लबमधल्या बायकांना मारायला उत्तेजन देतो, प्रत्यक्षात निरपराध माणसाला मारलं तर त्या गेममध्ये मार्क कापतात, आणि हे गेमर लोकांनी बरोबर पकडलं. २०२४ मध्ये स्टेलर ब्लेड या कोरियन गेमच्या हिरोइनवरून आयजीएन या गेमिंग वेबसाइटच्या फ्रेंच विभागाने लिहिलं की ही बनवणाऱ्याने आयुष्यात बाई बघितलेली नसावी, तर तिचं शरीर शिन जे-इउन या खऱ्या मॉडेलचं स्कॅन केलेलं निघालं, माफी मागावी लागली. म्हणजे ॲबीच्या वेळी एका बाजूने जे केलं तेच इथे दुसऱ्या बाजूने, असं शरीर असतं का कधी! शरीर असतं हो, सगळ्या प्रकारचं असतं. त्या स्कॅनवर कॅमेरा काय करतो हे विचारायचं होतं, ते राहूनच गेलं. मग त्या गेमचे काही कपडे अपडेटमध्ये थोडे झाकले गेले तर त्याच्या विरोधात हजारोंनी सह्या केल्या. सह्यांची मोहीम करायला हरकत काहीच नाही, धमक्यांपेक्षा शंभर पटीने बरी.

एक प्रसंग मात्र मला नेहमी आठवतो कारण तिथे सगळं नीट झालं असतं. मार्च २०१६, ओव्हरवॉच हा गेम बाहेर यायचा होता, त्यातली ट्रेसर ही धावपळी, खट्याळ पोरगी, तिला जिंकल्यावरची एक पोज दिली होती, पाठमोरी, मागचा भाग पुढे करून. एका खेळाडूने लिहिलं की माझी लहान मुलगी आहे, तिला ट्रेसर आवडते, आणि ही पोज या पोरीच्या स्वभावाला शोभत नाही, बाकी त्याच गेममधल्या विडोमेकर या मादक कॅरेक्टरला असती तर चाललं असतं. इतकी नेमकी टीका क्वचित होते. डायरेक्टर जेफ कॅपलन यांनी बदलतो म्हटलं. झालं, सेन्सॉरशिप, शरणागती, सगळे शब्द बाहेर आले. काही दिवसांनी नवी पोज आली, ती एका जुन्या पिनअप चित्रावरून घेतलेली, पाय मागे उचलून, बऱ्यापैकी मादकच, पण ट्रेसरची वाटणारी. गेम तुफान चालला, कोणाचं काही गेलं नाही.

आपल्या बाजूलाही यातलं थोडं आहे. अनचार्टेड या गेम मालिकेच्या २०१७ च्या भागात हिरो दोन बायका, क्लोई फ्रेझर जिचा बाप भारतीय, आणि नादिन, आणि बहुतेक गेम पश्चिम घाटात घडतो, होयसळांची देवळं, गणपतीचा दात शोधणं. दोघी घाम गाळतात, भांडतात, जीप चालवतात, कॅमेरा आपला मुकाट्याने मागे चालतो. आणि पुण्यातल्या नॉडिंग हेड्सने २०२० मध्ये राजी हा गेम काढला, त्यात बहीण धाकट्या भावाला, गोलूला, राक्षसाच्या तावडीतून सोडवायला निघते. किकस्टार्टरवर तो गेम पैसे जमवू शकला नव्हता, स्टुडिओच्या श्रुती घोष यांनी काम चालू राहावं म्हणून फ्लॅट विकला होता. राजीचं घेरदार घागरा-चोळीतलं डिझाइन बघा, तिच्या उड्या बघा, भारतीय नृत्यावरून आणि मल्लखांबासारख्या कसरतींवरून घेतल्यासारख्या वाटतात, सुंदर आहे ती, पण कोणासाठी उभी आहे असं कुठे वाटत नाही.

स्क्रीनच्या अलीकडे मात्र आपल्याकडेही तेच. बीजीएमआय किंवा व्हॅलोरंटसारख्या ऑनलाइन गेममध्ये मुलीचा आवाज आला की काय चालू होतं हे खेळणाऱ्या प्रत्येकाला माहितीय, आधी नंबर मागणार, नाही दिला तर शिव्या. हॅलो ३ या गेमवर एक अभ्यास झाला होता, तोच खेळ, तेच कौशल्य, फक्त आधी रेकॉर्ड केलेली वाक्यं एकदा पुरुषाच्या आवाजात आणि एकदा बाईच्या आवाजात वाजवली, तर बाईच्या आवाजाला तिप्पट वाईट बोलणी मिळाली. २०१५ मध्ये त्याच खेळावर पुढचा अभ्यास आला, त्यात दिसलं की बाईशी वाईट वागणारे बहुतेक करून खराब खेळणारे पुरुष होते, चांगलं खेळणारे तिच्याशी बरे बोलत होते. म्हणून मग पोरी काय करतात, नाव पोराचं ठेवतात, माईक बंद करतात आणि खेळतात, मागून कोण येतंय हे दिसलं तरी सांगत नाहीत, आणि त्यांना शिव्या घालणारा तो पोरगा तिथेच मरतो आणि लॅगला, म्हणजे नेट अडकण्याला, दोष देतो.